बाईची हजेरी कमी का?

आम्ही पेडगावच्या बाया. दुसऱ्याच्या रानात रोजाने जातो. सरकी टोबायला, खुरपायला, कापूस वेचायला. त्याच शिवारात गडी माणूस औत धरतो, फवारणी करतो. संध्याकाळी हिशेब होतो तेव्हा त्याची हजेरी जास्त, आमची कमी. विचारले तर उत्तर ठरलेले, "गड्याचं काम वेगळं, बाईचं वेगळं."

या उत्तरात मेख आहे, आणि ती पार जिनिव्हापर्यंत जाते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना म्हणजे देशोदेशींची सरकारे, मालक आणि कामगार यांची मिळून असलेली संस्था. तिने 1951 साली जिनिव्हाला 100 क्रमांकाचा करार केला. समान मोलाच्या कामाला बाईला पुरुषाइतकेच वेतन, असे त्यात लिहिले. भारताने तो 1958 साली मान्य केला. खरे तर ही गोष्ट आपल्याला बाहेरून आणावी लागलीच नव्हती. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या घटनेच्या 39 व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन 1950 पासूनच आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. कायद्यासाठी 1975 उजाडावे लागले. संयुक्त राष्ट्रांनी ते महिला वर्ष जाहीर केले, तेव्हा कुठे आपल्या सरकारने वटहुकूम काढला आणि 1976 ला कायदा केला. जगाने डोळे लावले की दिल्ली हलते, एवढे खरे.

आता मेख बघा. करारातले शब्द आहेत 'समान मोलाचे काम'. आपल्या कायद्यात आले 'तेच किंवा त्याच प्रकारचे काम'. 2019 च्या वेतन संहितेतही तसेच. फवारणी आणि खुरपणी एका प्रकारची नाहीत, हे आम्हालाही कळते. शहाण्याने सांगायला नको. पण मोलाचे काय? वेळेवर खुरपले नाही तर तण पीक खाते. वेळेवर वेचले नाही तर कापूस बोंडातच भिजतो, मग खत-फवारणीला घातलेला पैसा कुठे गेला? वाकून वाकून आमची कंबर जाते, ती कोणत्या रकान्यात मांडायची?

रोजगार हमीच्या कामावर बाई-गड्याचा दर एकच असतो. तिथे खोदलेली माती मोजतात, कोणी खोदली ते पाहत नाहीत. मग रानातच अडचण का यावी?

यंदा वेचणी सुरू व्हायच्या आधी आम्ही बाया समाजमंदिरात बसून दर ठरवणार आहोत, रोजाचाही आणि किलोचाही. मालक म्हणेल, काम वेगळे आहे. असू द्या. ते स्वस्त कसे, तेवढे त्याने सांगावे.