संगमावरचा चावीचा बाजा

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर खाली उजव्या हाताला जिल्ह्याचे एक निमुळते टोक दिसते. त्या टोकावर नरसिंहपूर आहे. भीमाशंकरहून निघालेली भीमा आणि भोरकडच्या डोंगरांतून आलेली नीरा या गावाशी एकमेकींना भेटतात. पाण्याच्या एका बाजूला माढा, दुसऱ्या बाजूला माळशिरस. दोन्ही तालुके सोलापूर जिल्ह्यातले. तिन्ही अंगांनी परका मुलूख आणि पाठीशी इंदापूर तालुका, अशी या गावाची बैठक आहे. इथून पुढे एकच नदी भीमा या नावाने पंढरपूरकडे जाते.

इंदापूरला एस.टी. बदलून बावड्यावरून इकडे यावे लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. गाव जवळ आले की विंचूरकर सरदारांनी अठराव्या शतकात बांधलेल्या लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळाचे दगडी काम दिसू लागते. घाट भक्कम आहेत. बाहेरगावचे लोक येतात, संगम पाहतात आणि परत जातात. आम्ही मात्र गेलो ते एका पेटीसाठी.

आमच्या ओळखीचा एक मुलगा पुण्याला कॉलेजात शिकतो. त्याच्या आजीकडे चावीचा फोनो आहे आणि तो पुष्कळ वर्षे बंद आहे, असे त्याच्याकडून कळले. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी येऊन गेला होता. “चालत नाही ना, मग शोभेचीच वस्तू. भंगारापेक्षा चार पैसे जास्त देतो,” असे म्हणून गेला होता. मुलाची पुढच्या वर्षाची फी भरायची होती, त्यामुळे घरात विकण्याकडे कल होता. आजी मात्र गप्प होत्या. आमच्या कचेरीतले एक मित्र आणि घड्याळे दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक काका, असे आम्ही तिघे रविवारी सकाळी निघालो.

पेटीची कुळकथा

आजींचे यजमान मुंबईला गिरणीत होते. बिऱ्हाड वरळीच्या बी.डी.डी. चाळीत, एका खोलीत. बोनसच्या पैशांतून त्यांनी ही पेटी जुनीच विकत घेतली. सुटकेसीसारखी बंद होणारी, हातात धरून नेता येणारी, कर्णा आतच असलेली. “मजल्यावर एकच बाजा होता. संध्याकाळी व्हरांड्यात ठेवायचे. पोरं पुढं, बायका दाराशी. चावी फिरवायचा मान रोज एकाला,” आजी सांगत होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांप्रमाणे हे घरही गावी परतले. एक ट्रंक, भांड्यांचे पोते आणि ही पेटी. यजमान गेले आणि पेटी माळ्यावर गेली.

या यंत्राचा मूळ इतिहासही वाचकांना ठाऊक असावा. एडिसनने १८७७ मध्ये आवाज साठवणारा फोनोग्राफ बनवला. त्यात तबकडी नव्हती, नळकांडे होते. सपाट तबकडीचा ग्रामोफोन बर्लिनरने १८८७ मध्ये काढला. पण सुरुवातीचा तो ग्रामोफोन हाताने फिरवावा लागे. हात जलद चालला की गाणारा चिरकू लागे, मंदावला की घोगरा होई. अमेरिकेत कॅम्डन गावी यंत्रांचे दुकान असलेल्या एल्ड्रिज जॉन्सनने १८९६ मध्ये बर्लिनरसाठी स्प्रिंगची मोटर तयार केली, तेव्हा कुठे हे यंत्र घराघरांत शिरले. आपल्या देशात नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले गेले. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीतल्या हानोव्हरला जात. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि ते बंद झाले. गंमत अशी की तबकडीचा मुख्य माल होता लाख, आणि ती बहुतांशी आपल्याच देशातून जगभर जाई. लाखेची तबकडी पापडासारखी फुटते, म्हणून ती उभी ठेवावी आणि दोन्ही हातांनी उचलावी.

विजेशिवाय चालणारा बाजा असल्यामुळे ज्या वस्तीत दिवा उशिरा आला तिथेही गाणे आधी पोचले. रेडिओला वीज किंवा बॅटरी लागे. या पेटीला लागे फक्त मनगट.

जमा आणि खर्च

आम्ही आकडेमोड करणारी माणसे. काकांनी मोटर समजावून दिली ती आम्हाला खातेवहीसारखीच वाटली. चावी फिरवली की पोलादाची लांब पट्टी डबीत घट्ट गुंडाळली जाते, ही जमा. ती पट्टी सुटू पाहते आणि दातेरी चाकांना फिरवते, हा खर्च. पण पट्टीला मोकळे सोडले तर सारी जमा क्षणात उडून जाईल. म्हणून शेवटी एक खजिनदार बसवलेला असतो. त्याचे नाव गव्हर्नर. एका बारीक दांड्याभोवती पातळ पट्ट्यांवर तीन छोटी वजने असतात. दांडा जोरात फिरला की वजने बाहेर फेकली जातात, एक चकती सरकते आणि नमद्याच्या तुकड्याला घासते. वेग तिथेच अडतो. त्यामुळे पट्टी भरलेली असो की उतरत आलेली, तबकडी मिनिटाला ७८ फेरेच घेते. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे वाजते. तेवढी तीन मिनिटे हा खजिनदार एक पैसा इकडे तिकडे जाऊ देत नाही.

अंगणात वाकळ पसरली. काकांनी प्रथम ब्रेक सोडून मोटर अगदी थांबेपर्यंत उतरू दिली. “भरलेली मोटर उघडणे म्हणजे साप असलेल्या पोत्यात हात घालणे,” ते म्हणाले. मग तबकडीचे ताट दोन्ही बाजूंनी सारखे धरून वर उचलले, फळीचे स्क्रू काढले आणि मोटर बाहेर घेतली. चावी काही फेरे जड लागे, मग आत ‘धप्प’ आवाज होऊन पुन्हा हलकी होई. पट्टीचे आतले टोक तुटले असते तर चावीला मुळी जोरच लागला नसता. म्हणजे तुटले होते ते बाहेरचे टोक, डबीच्या भिंतीवरच्या आकड्यात अडकते ते. नुसते वंगण वाळले तरीही पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि वाजताना धपके बसतात. इथे दोन्ही दुखणी होती. पूर्वी कोणी तरी गाडीच्या चाकाचे जाड ग्रीस आत भरले होते. त्याचा डांबरासारखा गोळा झाला होता.

डबीतून पट्टी काढणे हे सर्वांत धोक्याचे काम. उतरलेली पट्टीसुद्धा डबीत दाबूनच बसवलेली असते. निसटली तर बोटे कापते, डोळा जातो. काकांनी जाड हातमोजे आणि चष्मा घातला, पोरांना ओट्यावर पाठवले, डबी गोणपाटात धरली आणि मधल्या टोकापासून एकेक वेढा हाताखाली दाबत बाहेर घेतला. घाई केली नाही. मग पट्टी रॉकेलमध्ये धुतली. आतून लख्ख पोलाद निघाले. मध्ये कुठे तडा नाही हे त्यांनी उन्हात धरून इंचाइंचाने पाहिले. मध्येच तुटली असती तर नवीच घालावी लागली असती. टोकाचे मात्र जमते.

गावात वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण आला. काकांनी पट्टीवर ओले फडके गुंडाळून फक्त टोकाचा बोटभर भाग बाहेर ठेवला. तेवढाच तापवून लाल केला आणि हळूहळू निवू दिला. कडक पोलादाला भोक पडत नाही. असे मऊ केले तर पडते. फडके अशासाठी की उष्णता मागे गेली तर सगळ्या पट्टीचे पाणीच उतरेल. नवे भोक पाडले, कानस फिरवून धार मारली, टोकाला डबीच्या गोलाईचा बाक दिला. पट्टी दोन बोटे आखूड झाली, तेवढ्याने बिघडत नाही. मग ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस लावून, पहिल्या वेढ्याची दिशा सांभाळून, ती पुन्हा डबीत बसवली. गव्हर्नरच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, नमद्यालाही एक. गव्हर्नरला जाड ग्रीस कधीही लावू नये, तो गुदमरतो.

वेग तपासण्याची युक्ती सोपी आहे. तबकडीखाली कागदाची पट्टी बाहेर डोकावेल अशी ठेवायची आणि घड्याळ लावून ती किती वेळा समोरून जाते ते मोजायचे. अर्ध्या मिनिटात ३९ आले पाहिजेत. पहिल्यांदा ४४ आले. काकांनी वेगाचा खटका जरा मागे घेतला. दुसऱ्यांदा ३९.

चालता विका

आजींकडे ‘अमर भूपाळी’ या १९५१ च्या चित्रपटातली एक तबकडी होती. नवी सुई लावली. पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. झिजलेली पुन्हा वापरली तर ती तबकडीचे चर खाते. चावी आजींच्याच हाती दिली. त्यांनी मोजून फेरे दिले, आणि चावी जड लागताच आपणहून थांबल्या. हाताला सवय होती. आधी खरखर, मग गाणे. वेल्डिंगवाला तरुण पेटीला कुठे वायर आहे का ते वाकून पाहत होता. आजी रडल्या वगैरे नाहीत. गाणे संपल्यावर ब्रेक ओढला आणि मुलाला म्हणाल्या, “विकायचा असंल तर आता चालता विका. मेला म्हणून विकू नका.”

त्यावर घरात बराच वेळ बोलणे झाले. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते; फी पेटीपेक्षा मोठी आहे. आजींचेही खोटे नव्हते. निघण्यापूर्वी एवढे ठरले की व्यापाऱ्याला आता नाही म्हणून कळवायचे, फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा. ते कागद आम्ही सोबत घेतले. अर्जाचे काम आमच्या हातचे आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी, विशेषतः गिरणीतून परतलेल्या घरांत, अशी पेटी माळ्यावर असेल. दोनतीन गोष्टी ध्यानात ठेवा. बंद पेटीची चावी जोर करून फिरवू नका. डबी स्वतः उघडू नका, जाणत्याकडे न्या. वाजवून झाल्यावर मोटर उतरू द्या, भरलेली ठेवू नका. विकायचीच असेल तर आधी दुरुस्त करून मग भाव ऐका. आणि घेणाऱ्यांनीही सावध असावे: जुन्या मोटरीवर नवा पितळी कर्णा चढवून, कुत्र्याचे चित्र चिकटवून ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकलेले बाजे बाजारात पुष्कळ आहेत.

आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. पेटी कोणी घेतली, कोणत्या साली, कोणत्या गिरणीच्या पगारातून, कोणत्या चाळीत वाजली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद झाकणाच्या आत चिकटवा. स्प्रिंग तुटली तर जोडता येते. सांगणारे माणूस गेल्यावर ही माहिती कुठल्याच बाजारात मिळत नाही.