गुंठेवारी आणि पुढे सरकणारी तारीख

महाराष्ट्राने 2001 साली गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेले भूखंड नियमित करण्याचा कायदा केला, तेव्हा 1 जानेवारी 2001पर्यंत पडलेले भूखंडच नियमित होणार होते. 2021च्या दुरुस्तीने ही मुदत 31 डिसेंबर 2020वर गेली. झोपडपट्ट्यांच्या पात्रतेची तारीखही अशीच 1995वरून 2000वर सरकली आणि पुढे सशुल्क घरापुरती 2011वर. मतांचे राजकारण म्हणून यावर टीका होते, ती रास्तही आहे. पण नगररचनेच्या दृष्टीने मला आधी विचारावेसे वाटते की तारीख सरकवावी लागते कशामुळे? परवडेल असा कायदेशीर छोटा भूखंड आपण बाजारात येऊच देत नाही, हे त्याचे खरे कारण. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. रिक्षावाल्याला किंवा कंपनीतल्या कंत्राटी कामगाराला जेमतेम पेलेल एवढीच जागा. 1947च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीच्या छोट्या तुकड्यांना मज्जाव केला. 2023मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणाऱ्या तुकड्याची किमान मर्यादा, कमी केले, तरी ते जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे राहिले. बिगरशेती करून रीतसर लेआउट मंजूर करायचा, तर रस्ते आणि मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, वेळ जातो, दर चढतो. मग शहराच्या वेशीवर चुन्याची फक्की मारून प्लॉट पडतात. साठेखत नोटरीकडे होते, नाहीतर एकाच सातबाऱ्यावर सामाईकात दहा-वीस नावे चढतात. घर आधी उभे राहते, मग वीजमीटर येते, मग घरपट्टी. ड्रेनेजचे नाव शेवटी.

नियम मोडणाऱ्यांना माफी दिली तर कर्ज काढून रीतसर फ्लॅट घेणाऱ्याने काय पाप केले, असा आक्षेप येतो. तो मी हलका मानत नाही. मात्र गुंठा घेणाऱ्यानेही पैसे मोजलेले असतात. रस्त्याची जागा विकून नफा कमावणारा केव्हाच पुढच्या गावात पोचलेला असतो. दंड मात्र घरमालकाकडून वसूल होतो. बुलडोझर हे उत्तर मानणाऱ्यांनी ती माणसे राहायला कुठे जाणार, तेही सांगावे. अर्थात गुंठ्यावरचे बैठे घर आणि बेकायदा इमारत यांना एका मापाने मोजता येत नाही. 2013च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याजवळ कोसळलेल्या इमारतीने 74 जीव घेतले. तिथे शुल्क भरून नियमित करण्यासारखे काही नव्हतेच. जागेचा हक्क देता येतो, कच्च्या कॉलमला मंजुरी देता येत नाही.

दुसरी वाट आपल्याच राज्यात चाचपून झाली आहे. 1985पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप-गोराईत आधी रस्ते, पाणी, गटारे झाली आणि मग 25-40 चौरस मीटरांचे भूखंडही दिले गेले. लोकांनी ऐपतीप्रमाणे घरे वाढवली. त्यातले बरेच भूखंड पुढे जास्त पैसेवाल्यांकडे गेले, हे खरे. तरी त्या गल्ल्यांत आज पाणी आहे, गटार आहे, गाडी जाते. गुंठेवारीत दहा फुटांची गल्ली दोन्ही बाजूंनी ओटे पुढे आल्याने आठाची होते आणि प्रमाणपत्र मिळाले तरी अग्निशमनाचा बंब तिथे वळत नाही. म्हणून 2021मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांसारख्या ठिकाणी रस्त्यांच्या रेषा आधी जमिनीवर आखाव्यात, त्या रेषांवरची खरेदी-विक्री थांबवावी आणि उरलेल्या जागेत एक-दीड गुंठ्याचे भूखंड खुलेआम मंजूर करावेत. जुन्या वस्त्यांकडून घेतलेले शुल्क पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत न मिसळता त्याच गल्लीच्या ड्रेनेज लाइनवर खर्चावे आणि त्याचा हिशेब वॉर्ड ऑफिसात लावावा.