खिडकी उघडते का?

वडिलांना घेऊन प्रवासाला जाणे सोपे. अवघड असते ती त्या प्रवासाची आखणी. कारण प्रवास करायचा असतो वडिलांना आणि आखणी करतो मुलगा. त्यातून मुलगा पन्नाशीला आला, की आपणच आता वडिलांचे वडील झालो, अशी त्याची ठाम समजूत होऊन बसते.

आमचे आप्पा ८१ वर्षांचे. तीन महिन्यांसाठी ते पुण्याहून आमच्याकडे झुरिकला आले होते. त्यातले दोन महिने त्यांनी गॅलरीत बसून समोरची ट्राम बघण्यात घालवले. हातात घड्याळ. "वेळेवर आली," ते दर वेळी सांगत, आणि सुरात किंचित निराशा असे. आप्पा रेल्वेत गार्ड होते. कल्याण-पुणे मार्गावर चौतीस वर्षे. हल्ली गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, असे मी त्यांना कौतुकाने सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग झेंडा कोण दाखवतो?"

अशा माणसाला परत जाण्यापूर्वी आल्प्समधली एखादी गाडी दाखवायलाच हवी, असे आमच्या घरी ठरले. 'आमच्या घरी ठरले' म्हणजे हिने ठरवले आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला बेत युंगफ्राउयोखचा. युरोपातले सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, उंची ३४५४ मीटर. मी उंचीचा आकडा घेऊन पुण्याच्या आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "जरा खालचं काही नाही का हो?" तो बेत तिथेच खाली आला.

दुसरा बेत ग्लेशियर एक्सप्रेसचा. झेरमाटहून सेंट मोरिट्झ, सुमारे आठ तास. जगातली सगळ्यात हळू जाणारी एक्सप्रेस अशी तिची ख्याती आहे, हे मी आप्पांना रंगवून सांगितले.

"आमच्या वेळी अशा गाडीला पॅसेंजर म्हणत," आप्पा म्हणाले.

शिवाय आठ तास बसणे आप्पांच्या गुडघ्यांना मंजूर नव्हते. तात्पर्य, उरली ती बर्निना. सेंट मोरिट्झला मुक्काम करायचा, सकाळी गाडीत बसायचे, बर्निनाची खिंड ओलांडून आल्प ग्र्यूम स्टेशनवर उतरायचे, कॉफी घ्यायची आणि परत. एका बाजूला साधारण तासाभराचा प्रवास. सगळ्यात उंच ठिकाण २२५३ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सहाशे मीटर. डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले. मी फाइल उघडली.

त्या फाइलीत काय नव्हते? गोळ्यांचे वेळापत्रक होते. कुठल्या स्टेशनवर किती पायऱ्या, स्वच्छतागृह कुठे, गाडी चुकली तर पुढची कधी, तीही चुकली तर काय. माकडटोपी दोन, एक हरवली तर दुसरी. थर्मास, मेतकूट, मऊ भाताचा डबा. ही फाइल बघून म्हणाली, "आप्पांना नेताय की पार्सल पाठवताय?"

मला राग आला, पण त्याच वेळी आठवण झाली ती १९८३ सालच्या माथेरानच्या ट्रिपची. आप्पांना रेल्वेचा पास होता, त्यामुळे तिकिटाची चिंता नव्हती. ती कसर आप्पांनी इतर चिंतांनी भरून काढली होती. पहाटेच्या गाडीसाठी आम्ही जवळजवळ आदल्या दिवशीच स्टेशनवर पोचलो होतो. फिरकीचा तांब्या, गूळ-शेंगदाणे, आयोडीनची बाटली आणि प्रत्येक पोराच्या खिशात पत्ता लिहिलेली चिठ्ठी. आम्ही पोरे तेव्हा त्यांना हसलो होतो. आता फाइल माझ्या हातात होती.

संध्याकाळी मी आप्पांपुढे सगळा बेत मांडला. "आणि आप्पा, खास डबा बघितलाय. काच थेट छतापर्यंत! त्याचं आरक्षण सक्तीचं, थोडे जादा पैसे पडतात, पण चारी बाजूंनी डोंगर दिसतात."

"खिडकी उघडते का?"

"नाही. पण काच—"

"म्हणजे न उघडणाऱ्या खिडकीचे जादा पैसे?"

मी गप्प झालो. मग नाइलाजाने सांगितले, की त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात. आरक्षण लागत नाही, आणि काही जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली ओढता येतात.

"मग तीच. आणि शेवटचा डबा."

"शेवटचा कशाला?"

"अरे, गार्ड कुठे बसतो?"

त्यानंतर आखणी माझ्या हातून गेली. चढ किती, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी शोधून सांगितले: जास्तीत जास्त सात टक्के. आप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे चौदाला एक. आपला बोरघाट सदतीसला एक, तर कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात! यांना दात्यांचा रूळ असेल." दात्यांचा रूळ नाही, गाडी नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते, असे कळल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. गेज मीटरचा आहे, हे ऐकून मात्र खूश झाले. "पुणे-मिरज ब्रॉडगेज व्हायच्या आधी होता तो!" पूर्ण मार्ग १९१० साली सुरू झाला म्हटल्यावर तर त्यांचा चेहरा उजळलाच. "आपली माथेरानची १९०७ ची. तीन वर्षांनी थोरली!" दोन महिन्यांत पहिल्यांदाच स्वित्झर्लंड त्यांना आपल्यातला वाटला.

जूनमधल्या एका सकाळी आम्ही त्या लाल गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. स्टेशनवर तासभर आधी पोचलो होतो. कुणामुळे, ते सांगत नाही. मोंतेबेल्लोच्या वळणावर मोर्तेराचची हिमनदी आणि ४०४९ मीटरचा पित्स बर्निना समोर आला. सगळा डबा उजवीकडे धावला. आप्पा खिडकीतून डोके बाहेर काढून वळणावरचे इंजिन आणि डबे बघत होते.

"आप्पा, शिखर बघा!"

"थांब रे. आधी गाडी पुरी दिसू दे." मग खाली बसून म्हणाले, "चौतीस वर्षं घाट चढलो-उतरलो. धबधबे सगळ्यांना दिसायचे. मी सिग्नल बघायचो."

मी फाइल पिशवीत टाकली. गोळीची वेळ झाली होती, ती त्यांनी स्वतःच घेतली.

ओस्पित्सिओ बर्निनाजवळ दोन तलाव आहेत. एक काळसर, एक हिमनद्यांच्या पाण्याने पांढुरका. मी माहिती दिली, की काळ्या तलावाचे पाणी इन नदीतून डॅन्यूबला मिळते आणि काळ्या समुद्राला जाते. पांढऱ्याचे इटलीत उतरून पो नदीतून एड्रियाटिकला.

"आपल्या लोणावळ्यासारखंच की," आप्पा म्हणाले. "अलीकडे पडलेला पाऊस उल्हासेतून अरबी समुद्रात, पलीकडचा इंद्रायणीतून बंगालच्या उपसागरात. पाऊस एकच." मग जरा वेळाने, "हे पाणी पुढे भेटतं का रे कुठे?"

"भेटतं. बॉस्फरसमधून भूमध्य समुद्रात. पण वळसा फार मोठा."

"असू दे वळसा. भेटतं ना?"

तीन आठवड्यांनी त्यांचे पुण्याचे विमान होते. मी थर्मासचे झाकण उघडण्यात बराच वेळ घालवला.

आप्पा गेल्यावर फाइल आवरताना माझ्या यादीच्या पाठीमागे त्यांचे अक्षर दिसले. जातानाची आणि येतानाची सगळी स्टेशने, सुटल्या-पोचल्याच्या वेळा आणि शेवटी गार्डाचा शेरा: 'गाडी राइट टाइम. खिडकी उघडली. पुढच्या वेळी भाताचा डबा नको. कॉफीबरोबर केक घ्यावा.'

'पुढच्या वेळी' या दोन शब्दांखाली त्यांनी रेघ मारली होती. मी नवी फाइल उघडली आहे.