टाळी कुणासाठी?

टाळ्या मीही वाजवल्या होत्या. आधी ते कबूल करतो, मग बाकीचं बोलतो.

साल २००१. ‘लगान’ लागला होता. आमच्या वसतिगृहातली आम्ही सहा पोरं, सगळी जयभीमवाली, महिन्याच्या खर्चाला कात्री लावून पुढच्या रांगेत जाऊन बसलो. तो प्रसंग आला. मैदानाच्या कडेला उभा असलेला कचरा. चेंडू घरंगळत त्याच्याजवळ जातो. भुवन म्हणतो, फेक. तो आपल्या अधू हातानं फेकतो आणि चेंडू टप्पा पडून गर्रकन वळतो. भुवन म्हणतो, हा आपल्याकडून खेळणार. गाव बिथरतं. अस्पृश्याबरोबर खेळणार नाही म्हणतं. मग भुवनचं भाषण. रामानं शबरीची उष्टी बोरं खाल्ली, वगैरे. गाव विरघळतं. थेटरात टाळ्या. आम्हीही वाजवल्या. माझ्या शेजारच्या दोस्तानं तर शिट्टी मारली.

आपला माणूस पडद्यावर आला, याचाच एवढा आनंद! त्याचं नाव कचरा आहे हे त्या दिवशी कानाला लागलंच नाही.

दुसऱ्या दिवशी लागलं. मी कॉलेजच्या टीममध्ये ऑफस्पिन टाकायचो. नेटवर गेलो तर विकेटकीपर लांबून ओरडला, ‘ए कचरा, बॉल टाक!’ सगळी टीम हसली. मीही हसलो. मग वर्षभर तेच नाव. वर समजूत घालायचे, ‘अरे, कौतुकानं म्हणतो. हॅट्ट्रिक घेतली होती त्यानं.’ शिवी तीच, फक्त आता तिला तिकीट होतं, संगीत होतं. मी भांडलो नाही. टीममधून नाव कापतील ही भीती. पुढच्या वर्षी मीच खेळणं सोडलं. घरी अभ्यासाचं कारण सांगितलं. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितोय.

दोस्तहो, तो प्रसंग पुन्हा नीट बघा. वाद कशाचा? कचऱ्यानं खेळायचं की नाही याचा. बोलतं कोण? सगळं गाव बोलतं. फक्त कचरा बोलत नाही. तो अंग चोरून उभा. त्याचा वकील दुसरा, न्यायाधीश दुसरे, आणि कायदा रामायणातला. शिवाशिव वाईट का? तर रामानं पाळली नाही म्हणून. तो माणूस आहे म्हणून नव्हे. भाषणाला शबरी आठवते, शंबूक आठवत नाही. आणि त्याला घ्यायचं का? तर त्याचा चेंडू वळतो म्हणून. नसता वळला तर? तर कचरा होता तिथंच उभा राहिला असता, कडेला. फिरकीसुद्धा त्यानं घाम गाळून कमावलेली नाही, ती अधू हाताची करामत. म्हणजे अक्कलही त्याची नाही.

हे सगळं मला तेव्हा कळायला हवं होतं. कारण माझ्या अडाणी आईला ते फार आधी कळलं होतं.

मी लहान असताना वस्तीत एकच टीव्ही होता. त्यावर एकदा ‘सुजाता’ लागला. बिमल रॉयचा, १९५९ सालचा. अस्पृश्याची अनाथ पोर ब्राह्मणाच्या घरात वाढते. घरातली आई तिला ‘मुलीसारखी’ म्हणते, ‘मुलगी’ म्हणत नाही. शेवटी ती आई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि जुळतं ते नेमकं सुजाताचं. रक्त चढतं आणि सुजाता मुलगी होते. वस्तीतल्या बाया डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. माझी आई तेवढी कोरडी. उठता उठता म्हणाली, ‘आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं गावात. हिचं रगत चाललं बघ.’ आणि चुलीकडं निघून गेली.

त्या एका वाक्यावर मी पुढं फार विचार केला. सुजाता आली ती १९५९ मध्ये. तिच्या तीनच वर्षं आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला होता. कुणाच्या दारात ‘मुलीसारखी’ म्हणवून घ्यायला आम्ही आता येणार नाही, असं सांगून लोक निघून गेले होते. सिनेमाला त्याचा पत्ता नाही. गंमत अशी की सिनेमात रवींद्रनाथांची ‘चंडालिका’ आहे. ती मुळात बौद्ध कथा. बुद्धाचा भिक्खू आनंद चांडाळाच्या पोरीकडं पाणी मागतो, ती. म्हणजे बुद्ध नाटकापुरता चालतो. आणि पावसात जीव द्यायला निघालेली सुजाता मागं कशानं फिरते? घाटावर कोरलेलं गांधींचं वचन वाचून. नूतननं काम जीव ओतून केलंय. बिमल रॉयच्या हेतूबद्दलही मला शंका नाही. तिथंच तर दुखतं. दुष्टानं दिलेला धक्का माणूस पचवतो. सज्जनानं प्रेमानं डोक्यावरून हात फिरवला, की मान आपोआप खाली जाते.

आणखी मागं जा. १९३६, बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’. फाटकवाल्याची पोर कस्तुरी, तिच्यावर जीव लावणारा ब्राह्मणाचा पोरगा प्रताप. देविका राणी आणि अशोक कुमार. शेवटी मारामारी थांबवायला धावलेली कस्तुरी रेल्वेखाली जाते. प्रश्न सुटला, प्रेक्षक रडला. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं. बाबासाहेबांनी ते पदरमोड करून छापलं. पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मरून दया मिळवत होती, पडद्याबाहेरचा अस्पृश्य दया नको म्हणून ग्रंथ लिहीत होता.

१९३६ ते २००१. पासष्ट वर्षं, तीन सिनेमे. एकीनं जीव दिला, एकीनं रक्त दिलं, एकानं विकेटा दिल्या. प्रवेश फी भरल्याशिवाय माणसात घेत नाहीत, हा तिन्हींचा सारांश.

आता गेल्या भीमजयंतीचं सांगतो. मंडळाच्या पोरांनी रात्री वस्तीत पडदा लावायचं ठरवलं. कुणीतरी म्हणालं, ‘लगान’ लावू, आपला माणूस आहे त्यात. मी म्हटलं, लावा, पण त्या प्रसंगाला थांबवायचं. थांबवलं. मी वर लिहिलंय ते सगळं पोटतिडकीनं बोललो. पोरं गप्प. मग एक दहावीतलं पोरगं उठलं.

‘पण भाऊ, हॅट्ट्रिक तर त्यानंच घेतली ना? मॅच त्यानंच फिरवली. एवढ्या मोठ्या पिच्चरमध्ये आपलं तेवढंच. ते पण काढून घेता काय?’

मला पटकन उत्तर सुचलं नाही. पोरगं चूक नव्हतं. २००१ मध्ये मी टाळी वाजवली, तीही ह्याच भुकेपोटी.

मग मी त्याला म्हटलं, हॅट्ट्रिक ठेव. ती आपलीच आहे. आता खरी गोष्ट ऐक. ‘लगान’ घडतो १८९३ मध्ये. त्याच काळात पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चांभाराचा पोरगा गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखत होता आणि साहेबांना नेटवर डावखुरी फिरकी टाकत होता. हात धडधाकट. फिरकी तासन् तास बॉल टाकून कमावलेली. हिंदूंच्या संघानं त्याला घेतलं, कारण जिंकायचं होतं. पण चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेटा काढल्या, तरी कर्णधारपद नाही. १९२० साली ते पुन्हा नाकारलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ संघातून बाहेर पडले. का पडतोय ते जाहीर सांगून पडले. भुवनची वाट बघितली नाही. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला.

आणि हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि हरला. पोरं चिडली. मी म्हटलं, चिडा. त्याच्याशी भांडता येतं, कारण तो माणूस होता. बाजू घेणारा, चुकणारा, बोलणारा. कचऱ्याशी तुम्हाला भांडताही येत नाही. त्याला तोंडच दिलेलं नाही.

नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्या अंगावर येतो. तो सिनेमा मी थेटरात बघितला तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. लाज इतकी वर्षं आम्ही वागवत होतो. त्या दिवशी ती समोरच्या खुर्च्यांत जाऊन बसली.

पोरांनो, सिनेमे बघा. रडा, शिट्ट्या मारा. पण टाळीला हात उचलायच्या आधी एवढं बघा, आपला माणूस त्या वेळी बोलतोय, की त्याच्याबद्दल कुणी बोलतंय. मी उशिरा बघितलं. त्यात माझी ऑफस्पिन गेली.

जय भीम.