कोरड्या हातांची विद्या

समुद्रात बुडी मारून छायाचित्रे काढण्याचा नाद ज्यांना लागतो, त्यांना समुद्राचे भय फारसे उरत नाही. त्यांना भय वाटते ते केसाचे. डोक्यावरचा एखादा पिकला केस, टॉवेलाचा धागा, वाळूचा एक कण, एवढ्याने होत्याचे नव्हते होते. बदलीच्या निमित्ताने अंदमानात येऊन पडलेल्या आम्हां चाकरमान्यांना हे प्रथम विनोदाचेच वाटले.

कॅमेरा पाण्यात न्यायचा तो जलरोधक पेटीत घालून. पेटी आणि तिचे झाकण यांच्यामधील खाचेत रबराचे एक कडे असते. त्यास ओ-रिंग म्हणतात. प्रेशर कुकरच्या झाकणातली रिंग आठवावी. समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे १ वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २० मीटरवर, १० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद झाकणावर सुमारे २०० किलोंचा जादा भार येतो. ऐकून छाती दडपते. परंतु हाच भार झाकणाला पेटीवर अधिक घट्ट बसवितो. रबर आणि खाच स्वच्छ असतील, तर समुद्र स्वतःच पेटीचा पहारेकरी होतो. पेटी पुष्कळदा दगा देते ती उथळ पाण्यात, पहिल्या दोनचार हातांतच. पाणी आत शिरते समुद्रात खरे. पण त्याला वाट करून दिलेली असते जमिनीवर.

म्हणून खरे काम आदल्या रात्री, पंखा बंद करून. रिंग बोटांनीच अलगद काढावी. टोकदार वस्तू लावू नये. तंतू न सुटणाऱ्या कापडाने खाच पुसावी. रिंग चिमटीतून फिरवून चीर चाचपावी. ग्रीज इतकेच लावावे, की रबर चकाकेल, पण लेप दिसणार नाही. पाणी अडविते ते रबर; ग्रीज त्याला केवळ नीट बसू देते, आणि अधिक झाले तर केसांना नि वाळूला आमंत्रण देते. तेही पेटीबरोबर आलेलेच असावे. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉनचेच ग्रीज चोळले, तर ती फुगू शकते. मग रिकाम्या पेटीत टिपकागद ठेवून ती बादलीत बुडवावी. कागद कोरडा निघाला, तरच कॅमेरा आत. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नसत. त्याच जातीचे हे सोवळे.

कचेरीत चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक काढता येते. पाण्याखाली ती सोय नाही. आमच्या एका स्नेह्यांना १८ मीटरवर पेटीच्या काचेआड थेंब दिसले. मनात आले तरी वर धाव घेता येत नाही. तसे केल्यास फुप्फुसांवर आणि रक्तावर बेतते. ते सावकाश वर आले, ५ मीटरवर नियमाप्रमाणे ३ मिनिटे थांबले, आणि तेवढा वेळ हातातल्या पेटीत पाणी चढताना पाहत राहिले. नंतर खाचेत टॉवेलाचा एक धागा सापडला. कॅमेरा गेला, स्नेही सुखरूप परतले. तो हिशेब आम्हांला बरोबर वाटतो.

तरीही हळहळ उरते, आणि ती किमतीची नव्हे. २०१० साली येथले पाणी तापले आणि कित्येक प्रवाळ पांढरेफटक पडले. तत्पूर्वी ज्याने त्यांचे रंग टिपून ठेवले, त्याच्यापाशीच ते राहिले. समुद्र पुन्हा दिसतो. कालचा समुद्र दिसत नाही. म्हणून रात्री दिव्याखाली बोटभर रबराची रिंग न्याहाळीत बसलेला मनुष्य दिसला, तर आम्ही त्याला हाक मारीत नाही. तो उद्याचे काम आजच करीत असतो.