पोट्टे गेले कुठं?

स्थलांतरावर आपले लोक काय बोलतात, हे परवा कॉम्प्युटरकडून मोजून घेतलं. माझ्या पोस्टखालच्या जुन्या कमेंट एका फाइलीत टाकल्या आणि शोधायला शब्द दिले, 'स्थलांतर' आणि 'परप्रांतीय'. निकाल काय? सगळा राग बाहेरून येणाऱ्यांवर. आपल्याकडून जाणारे जवळपास नाहीतच!

मग कमेंट स्वतः वाचल्या. अकोल्याचा बाप 'स्थलांतर' लिहीतच नाही. तो लिहितो, "पोट्टा पुण्याले गेला, इथं काय ठेवलं?" मशीननं हे वाक्य धरलंच नव्हतं.

पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटानं २०२२ मध्ये २५ हजारांवर मराठी ट्वीट तपासून, द्वेष कोणता आणि शिवी कोणती अशा खुणा करून, 'महाहेट' हा संच खुला केला. मोलाचं काम आहे. पण 'पोट्टा' यात तुच्छता की माया, हे वऱ्हाडी माणसालाच विचारावं लागेल.

आणि मेळघाट? धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू कामासाठी बाहेर जातात, होळीला परततात. त्यांची भाषा मुंडा कुळातली, मराठीहून पार वेगळी. माझ्या पोस्टखाली त्यांची एकही कमेंट नाही. म्हणजे मशीनच्या हिशेबी ते गेलेच नाहीत.

दोष एकट्या मशीनचा नाही. लोकांचं "कामाले गेलो" खोडून "रोजगारासाठी स्थलांतर" असं वर्षानुवर्षं मीच छापलं. उद्या अशा मोजणीवर योजना ठरल्या, तर जाणाऱ्यांच्या वाट्याला काय येईल?

तुमच्या गावात बाहेर कामाला जाण्याले काय म्हणतात? खाली लिहा. शुद्धलेखन पाहू नका.