हेडलाईटचा नॉब

कांद्याच्या दुसऱ्या डोसाबद्दल लिहायचं राहिलंय, ते पुढच्या वेळी. आज गाडीचं सांगतो.

आमची जुनी पिकअप तुम्ही फोटोत पाहिलीच आहे. तिच्या हेडलाईटचं बटण ओढायचं आहे. एक टप्पा ओढलं की पार्किंग, दुसरा ओढलं की मोठी लाईट. अप्पर-डिपर पायाशी. दिवाळीपासून आप्पा म्हणत होते, "उजेड पडत नाही रे गाडीचा, पिवळा दिसतो." मी फार विचार न करता १००/९० चे बल्ब आणून टाकले. (तसले बल्ब रस्त्यावर चालत नाहीत, समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. मला माहीत होतं, तरी टाकले.) आठ दिवसांनी आप्पा परत तेच म्हणाले. मग डोळे दाखवले तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन कधी, तर कांदा निघाल्यावर.

आमच्याकडे थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला आप्पा साडेअकराला गाडी काढतात आणि दारं धरायला जातात. बिबट्याची भीती, म्हणून पायी नाही आणि मोटरसायकलवर तर नाहीच. एका रात्री चारीच्या वळणावर लाईट गेली आणि गाडी बाभळीत घुसली. डावा मडगार्ड चेपला, आप्पांना काही झालं नाही. सकाळी म्हणाले, "बटण हलवलं तर परत लागली."

म्हणजे स्विच गेला. कारण मीच. साध्या ६०/५५ च्या दोन बल्बांना अप्परवर १० अँपिअरच्या आसपास करंट लागतो, १०० च्या दोघांना १६-१७. जुन्या गाडीत रिले नसतो, हा सगळा करंट त्या एवढ्याशा बटणातून जातो. आतले पॉइंट तापतात, काळे पडतात, मग उजेडही कमी आणि लाईटही बेभरवशाची.

स्विच मागून निघतो, पण त्याआधी पुढचा नॉब निघायला पाहिजे. इथंच सगळे अडकतात. मी आधी आटे असतील म्हणून फिरवला, तर आख्खा दांडाच फिरायला लागला. पकड लावून ओढणार होतो, पण जुनं प्लास्टिक, फुटलं असतं. शेवटी दांडा पूर्ण बाहेर ओढला, टॉर्च घेऊन खाली मान घातली, तर नॉबच्या मानेत बारीक भोक दिसलं. मातीनं बुजलेलं. त्यात स्प्रिंगवरची पिन असते. पोती शिवायची दाभण घातली, पिन दाबली, नॉब सरळ ओढला, आला हातात. पाच सेकंद. सगळ्या गाड्यांना हेच असेल असं नाही. कुणाला आटे असतात, कुणाला बारका स्क्रू. अमेरिकन जुन्या पिकअपना तर स्विचच्या अंगावरच, डॅशच्या मागून, एक बटण असतं. ते दाबलं की नॉबसकट दांडा बाहेर येतो. तेव्हा जोर लावण्याआधी बघा. आणि त्याच्याही आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण स्विचला येणारी एक वायर चावी बंद असली तरी चालू असते.

नॉब हातात होता. पुढची रिंग नट खोलायची, वायरींचा फोटो काढायचा (रंगावर जाऊ नका, आजवर कितीतरी वायरमननी हात लावलेला असतो), नवा स्विच बसवायचा. तासाभराचं काम. पण मी तिथंच थांबलो. नॉब खिशात टाकला, निगेटिव्ह परत जोडली आणि घरात येऊन सांगितलं, "पार्ट मिळत नाही आप्पा, पुण्याहून येईल. तोवर रात्री मी जातो."

म्हटलं, नॉबच नाही तर लाईट नाही, लाईट नाही तर जातील कशाला. तोंडावर "तुम्हाला दिसत नाही" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून हा उद्योग.

तीन रात्री मी गेलो. चौथ्या रात्री अंग दुखत होतं, पडलो तो झोपलोच. एकला जाग आली तर अंगणात गाडी नाही. मोटरसायकल दामटवली. वाटेत बाभळीपाशी पोटात गोळा आला, तिथं कुणी नव्हतं. गाडी बांधावर उभी, लाईट चालू, त्या उजेडात आप्पा फावडं घेऊन दारं मोडत होते. सीटवर पकड. दांड्याचं टोक पकडीनं धरून त्यांनी दोन्ही टप्पे ओढले होते.

मला बघून म्हणाले, "आला का पार्ट?"

मी गप्प.

"खिशातून काढ तो. परवा धुण्यात सापडला तुझ्या आईला."

मग त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं आणि बांधावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. पाणी दुसऱ्या वाफ्यात गेल्यावर म्हणाले, "येताना चारीपाशी उतरलो. चालत जाऊन वळण बघून आलो, मग गाडी घातली. दिसत नाही ते मलाही कळतंय. पण विचारायचं होतंस."

पहाटे चारपर्यंत दोघांनी मिळून भरणं केलं. येताना गाडी मी चालवली, आप्पा शेजारी. मोटरसायकल मागं टाकली.

दुसऱ्या दिवशी नवा स्विच बसवला, साधे ६०/५५ बल्ब परत टाकले. डिपरच्या पुढं दोन रिले लावले, एक अप्परला, एक डिपरला. ३० नंबरला बॅटरीतून फ्यूज लावून वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला डिपरकडून येणारी वायर, ८५ अर्थ. आता हेडलाईटसाठी स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, अर्धा अँपिअरही नाही. उजेड पांढरा पडला. नॉब आप्पांनीच दाबून बसवला, पिन टक्क वाजली.

एका डोळ्याचं ऑपरेशन कांद्याआधीच झालं, दुसऱ्याची तारीख पाडव्यानंतरची आहे. रात्रपाळी सध्या माझी. पकड मात्र त्यांनी गाडीतून काढू दिलेली नाही.